आधारवरचं वय आणि अंगातलं वय

२०२४ च्या पावसाळ्यात अमळनेर तालुक्यातल्या एका गावी, शाळेच्या वर्गात बसून मी मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे अर्ज भरून देत होतो. निवृत्त मास्तराच्या गळ्यात गावातली असली कामं आपोआप पडतात. वयाची ६५ वर्षं पूर्ण आणि वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल, तर चष्मा, काठी, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. योजना बरी आहे, तिच्याशी माझं भांडण नाही.

रांगेतून एक बाई पुढे आली. बोटांच्या पेरांवर कापूस वेचून वेचून पडलेले काळे चरे, पाठीला बाक, आणि बाकड्यापर्यंत येताना उजवा पाय जरा ओढत टाकायची लकब. मी विचारलं, "माय, वय किती?" ती म्हणाली, "वय माले काय माहीत भाऊ? आधारवर लिखेल शे ना." आधारवर ०१/०१/१९६३ लिहिलं होतं. आमच्याकडे अर्धं गाव एक जानेवारीला जन्मलेलं आहे, कारण नोंदवणाऱ्याला तारीख हवी होती आणि सांगणाऱ्याकडे ती नव्हती. हिशेब केला तर ६१ भरत होते. मी चार वर्षं कमी पडतात म्हणालो, तेव्हा तिने पुरावा काढला, "बहात्तरना दुष्काळमा मी खडी फोडेल शे." आता आधार खरं मानलं तर त्या वेळी ती नऊ वर्षांची पोर होती. पण त्या दुष्काळात नऊ वर्षांच्या पोरींनीही घमेली उचलली आहेत, म्हणजे त्यावरून सिद्ध काहीच होत नाही. तिला ते कळलं. ती उठायला गेली. पहिल्या झटक्याला उठवलं नाही, मग बाकड्याच्या कडेला दोन्ही हात रेटून उठली.

माझा एक सहकारी ६८ वर्षांचा आहे. जळगावात रोज सकाळी मेहरूण तलावाला फेरी मारतो आणि वर आम्हाला चालण्याच्या वेगावरून टोमणे मारतो. पेन्शनमुळे त्याला ही योजना लागू नाही, तो भाग वेगळा. पण सरकारच्या लेखी म्हातारा तो आहे, आणि ही बाई गुडघ्याचा पट्टा मिळण्याइतकी म्हातारी झालेली नाही.

मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला ही गोष्ट नुसती हळहळण्याची वाटत नाही. म्हातारपण मोजायची आपली फूटपट्टीच चुकली आहे, आणि ती चुकल्यामुळे आपण आरोग्यावरचा पैसाही चुकीच्या वेळी, फार उशिरा, खर्च करतो, असं माझं म्हणणं आहे. शरीर कुठून आणि कसं म्हातारं होतं, याबद्दल गेल्या साठेक वर्षांत जे हाती आलं आहे ते पाहिलं, तर ६०, ६५, ७० या आकड्यांवर सगळा भार टाकणं टिकत नाही.

आधी थोडं मागे जावं लागेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असं मानलं जाई की पेशी मुळात अमर आहे, मरतं ते शरीर. याला कारण अलेक्सी कॅरेल. या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायला घेतल्या आणि त्या म्हणे कॅरेल वारल्यानंतरही वाढत राहिल्या. इतक्या मोठ्या माणसाचा प्रयोग म्हटल्यावर तो खोडणार कोण? दुसऱ्या कुणाच्या भांड्यात पेशी थांबल्या तर दोष भांड्याचा, नाहीतर वाढवणाऱ्याच्या हाताचा.

मग १९६१ मध्ये फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी माणसाच्या पेशींवर चिकाटीने काम केलं. पेशी साधारण पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. मरत नाहीत, नुसत्या थांबतात. हात चुकला म्हणणाऱ्यांसाठी त्यांनी एक झकास प्रयोग केला. पुरुषाच्या बऱ्याच वेळा विभागलेल्या, म्हणजे 'म्हाताऱ्या' पेशी आणि स्त्रीच्या कोवळ्या पेशी एकाच भांड्यात एकत्र घातल्या. भांडं एक, अन्न एक, हात एक. काही काळाने पाहिलं तर भांड्यात फक्त स्त्रीच्याच पेशी वाढत होत्या. पुरुषाच्या पेशी आपल्या हिशेबाने थांबून गेल्या होत्या. म्हणजे मोजदाद बाहेर नव्हती, पेशीच्या आत होती. हा निबंध एका मोठ्या नियतकालिकाने नाकारला होता, हे मी दर वर्षी वर्गात आवर्जून सांगायचो. मागच्या बाकावरच्या पोरांना तेवढंच लक्षात राहायचं, पण तेही कमी नाही.

ही मोजदाद कशी होते ते पुढे कळलं. गुणसूत्राच्या टोकाला एक संरक्षक भाग असतो, टेलोमिअर. बैलाच्या कासऱ्याचं टोक उसवू नये म्हणून गाठ मारतो, तसं त्याचं काम. पेशी विभागली की हा भाग थोडा झिजतो. तो फार झिजला की पेशी स्वतःला ब्रेक लावते. या शोधाला २००९ चं नोबेल मिळालं, एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक या तिघांना. पण ब्रेक लागायला पन्नास विभाजनं व्हायलाच हवीत असं नाही, आणि या लेखाचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे. ऊन, धूर, जास्त साखर, किरणोत्सर्ग, काही औषधं, अशा कशानेही पेशीतल्या डीएनएला नीट न सांधता येणारी इजा झाली, तरी पेशी तिथल्या तिथे थांबते. हे शहाणपणच आहे. बिघडलेली पेशी विभागत राहिली तर कर्करोग होईल, त्यापेक्षा थांबलेली बरी. तरुण शरीरात अशा थांबलेल्या पेशी रोगप्रतिकार यंत्रणा येऊन उचलून नेते. वय झालं, किंवा इजा इतकी रोजची झाली की उचलणारेच थकले, की या पेशी साचत जातात.

इंग्रजी बातम्यांत यांना झॉम्बी पेशी म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, उगाच सिनेमा वाटतो. जीर्ण पेशी म्हणू. आमच्याकडे प्रत्येक गल्लीत एक इसम असतो, जो शेतात जात नाही, गाव सोडत नाही, दिवसभर ओट्यावर बसून असतो आणि दोन घरांत भांडणं लावतो. जीर्ण पेशीचं वागणं थेट तसंच आहे. ती स्वतःचं काम सोडते, मरायलाही तयार नसते, आणि आजूबाजूला सतत काहीबाही सोडत बसते. दाह वाढवणारी रसायनं, पेशींना धरून ठेवणारं जाळं कुरतडणारी विकरं, असा तो सगळा ऐवज. कॅलिफोर्नियातल्या ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये या स्रावांच्या गोतावळ्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं, त्याचं लघुरूप सॅस्प.

सावदा-रावेरकडच्या केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिकडून दिल्लीला जाणारा माल हिरवाच भरतात. पिकलेलं केळं इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि तो वायू शेजारच्या हिरव्या केळ्याला पिकायला लावतो. ते पिकलं की तेही सोडायला लागतं. खोक्यात एक फणी पिवळी गेली, तर मुक्कामाला पोचेपर्यंत खोकं काय होईल हे भरणाऱ्याला ठाऊक असतं. पूर्वी बंद खोलीत घड रचून धुरी देत, आता रायपनिंग चेंबरमध्ये थंड हवेत मोजून इथिलीन सोडतात. तत्त्व एकच, एकाने दुसऱ्याला पिकवायचं. आपल्या म्हणीत हाच नासका आंबा आहे जो अढी नासवतो. जीर्ण पेशीच्या स्रावाने शेजारची धडधाकट पेशीही जीर्ण होते, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. उपमा इथेच सोडतो. पिकणं हे केळीचं सार्थक आहे, पेशीचं तसं नाही.

या साचलेल्या पेशी म्हातारपणाचा नुसता खूण-पुरावा आहेत की कारण आहेत, हा खरा प्रश्न होता. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॅरेन बेकर आणि यान फान डर्सन यांनी जनुकांत बदल करून असे उंदीर तयार केले, ज्यांच्यातल्या जीर्ण पेशी औषध देऊन वेचून मारता येतील. हे उंदीर अकाली म्हातारे होणाऱ्या जातीचे होते. पेशी काढल्या तर मोतीबिंदू, स्नायूंची झीज उशिरा आली. २०१६ मध्ये साध्या, नेहमीच्या चालीने म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांवर तेच केलं, तर त्यांचं मध्यम आयुर्मान सुमारे पाव हिश्शाने वाढलं.

२०१८ चा प्रयोग उलटा होता आणि मला तो सगळ्यांत बोलका वाटतो. मेयोतच जेम्स कर्कलँड यांच्या गटाने तरुण उंदरांना थोड्याशा जीर्ण पेशी टोचल्या. शरीरातल्या सात ते पंधरा हजार पेशींमागे एक जीर्ण पेशी, इतकंच प्रमाण पुरलं. काही आठवड्यांत त्या तरुण उंदरांची चाल मंदावली, पकड ढिली झाली, तारेला लटकून राहण्याचा वेळ घटला. जन्मतारीख तीच. आता बाकड्याला हात रेटून उठणारी ती बाई पुन्हा डोळ्यांसमोर आणा. उंदरात जे मोजलं ते हेच, चाल आणि पकड.

रोगांचं सांगायचं तर यादी लांब आहे. सांध्यातली कूर्चा, धमन्यांच्या आतलं अस्तर, कडक होत जाणारं फुप्फुस, इन्शुलिनला दाद न देणारी चरबी, मूत्रपिंड, भरून न येणारी मधुमेहाची जखम, सगळीकडे या पेशी सापडतात. मेंदूबद्दल उंदरांतला पुरावा आहे. जळगावातल्या दवाखान्यांच्या रस्त्यावर कधी सकाळी उभं राहा. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्याच्या हातात कपड्याच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी असते आणि तिच्यात चार फायली. गुडघ्याची एक, साखरेची एक, छातीची एक, किडनीची एक. चार डॉक्टर, चार गोळ्यांची पाकिटं, एक गोळी दुसरीला नडते ती गोष्ट वेगळीच. या चार फायलींच्या खाली काही अंशी एकच झीज असेल, ती आधी धरली तर चारही फायली उशिरा उघडतील, असं आता अभ्यासक म्हणतात. मला त्यात दम वाटतो.

मग ही झीज कोणाची जास्त होते, याकडे या. इथे खान्देशातून पाहिलं की विज्ञानाला वेगळाच रंग चढतो.

पानटपरीवर उभ्या असलेल्या पंचविशीतल्या पोराला सांगा, तोंड उघड आणि आपलीच तीन बोटं उभी घालून दाखव. कितीतरी पोरांची दोनच जातात. सुपारी-गुटख्याने गालाच्या आतलं अस्तर दोरखंडासारखं ताठ होतं, तिखट लागत नाही, घास मोठा घेता येत नाही. सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात याला, आणि पुढे त्याचा कर्करोग होऊ शकतो. लंडनमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये या ताठ झालेल्या भागातल्या पेशी तपासल्या, तर त्यात जीर्ण पेशींची गर्दी होती. टेलोमिअर झिजायला वेळच मिळालेला नव्हता, पेशी इजेनेच थांबल्या होत्या. म्हणजे आधारवर वय पंचवीस आणि गालात म्हातारपण. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदीचा काय निकाल लागला ते टपरीमागच्या भिंतीवरच्या लाल रंगावरून वाचता येतं.

दुसरा धूर. गॅसची शेगडी घरोघर आली, हे खरं आहे आणि मोठं काम आहे. पण सिलिंडर संपला की पुढचा आणेपर्यंत, आणि पाणी तापवायला, भाकरीला तर सर्रास, पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, पेटतात. कापूस निघाला की पऱ्हाट्या फुकट, दाराशी रचलेल्या. बिडी-सिगारेटच्या धुराने फुप्फुसातल्या पेशी अकाली जीर्ण होतात, हे पक्कं आहे. चुलीच्या धुराने बायकांना दम लागणारा फुप्फुसाचा जुना आजार होतो, हेही पक्कं आहे. दोन्ही धूर शेवटी जळक्या पाल्याचे. चुलीपुढे तीस वर्षं काढलेल्या बाईची छाती आणि गॅसवर स्वयंपाक केलेल्या बाईची छाती एका वयाच्या मानाव्यात का?

तिसरं ऊन. उन्हातले अतिनील किरण त्वचेच्या पेशींना थांबवतात, हे जुनं ज्ञान आहे. नुसत्या उष्णतेबद्दल २०२५ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. पन्नाशी ओलांडलेल्या साडेतीन हजारांहून जास्त लोकांच्या रक्तातल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा मोजल्या. सतत जास्त तापणाऱ्या भागात राहणाऱ्यांचं जैविक वय थंड भागातल्यांपेक्षा चौदा महिन्यांपर्यंत पुढे गेलेलं दिसलं. ही मोजणी जीर्ण पेशींची नव्हे, वेगळी आहे, दोन्हींची भेसळ करू नये. पण त्या देशात बहुतेक घरांत एसी आहे. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि त्या उन्हात हळदीच्या, केळीच्या शेतात माणसं रोजाने वाकलेली असतात. त्यांचं रक्त कुणी मोजलेलं नाही.

साखरेचं तर बोलूच नये. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही निघाले. लग्नाच्या पंगतीत आमच्याकडे पुरणाचे मांडे आग्रहाने वाढतात, आणि 'एकाने काय होतं' हे वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच. मीही म्हटलेलं आहे.

ही झीज चाळिशीत, कधी विशीत सुरू होते, आणि आपली धोरणं जागी होतात ती साठीनंतर. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं वय वंदना कार्ड मिळतं. चांगलंच झालं. पण हा पैसा खाटेवर पडल्यावर मिळतो. बाहेरच्या तपासणीला नाही, आहाराला नाही, धूर नसलेल्या चुलीला नाही. ज्या बाईच्या शरीरात पन्नाशीतच सत्तरी भरली, ती त्या कार्डापर्यंत पोचेपर्यंत काय उरेल? २०२२ मध्ये देशात साठीपुढचे सुमारे १५ कोटी होते, २०५० पर्यंत ते ३५ कोटींच्या घरात जातील, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक आज तरुण आहेत, कामावर आहेत. खर्च त्यांच्यावर आत्ता व्हायला हवा.

इथे दुकानदार मध्ये येतो. 'वय उलटं फिरवा' म्हणणाऱ्या कॅप्सूल आता मोबाइलवर विकत मिळतात, माझ्या एका विद्यार्थ्याने तर बापासाठी मागवल्याही. त्यात असतं क्वेर्सेटिन. २०१५ मध्ये कर्कलँड यांच्या गटाने डॅसॅटिनिब आणि क्वेर्सेटिन ही जोडी जीर्ण पेशींना मारते असं दाखवलं, तिथून हे सुटलं. त्यातलं डॅसॅटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध आहे, ते दुकानदार देऊ शकत नाही, म्हणून उरलेलं अर्धं विकतो. क्वेर्सेटिन कांद्यात असतं. शेवभाजीसोबत रोज कच्चा कांदा फोडून खाणारी आमची माणसं त्या हिशेबाने शंभरी पार करायला हवी होती. माणसांवरच्या चाचण्या अजून छोट्या आहेत. २०१९ मधली पहिली चाचणी फुप्फुस कडक होण्याचा आजार असलेल्या अवघ्या १४ जणांवर झाली. चालणं थोडं सुधारलं, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. गुडघ्याच्या सांध्यात टोचायच्या अशाच एका औषधाकडून मोठी आशा होती, ते २०२० मध्ये चाचणीत साध्या पाण्यासारख्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही.

आणि सगळ्या जीर्ण पेशी काढून टाकणं हे शहाणपण आहे का, हीच शंका आहे. २०१४ मध्ये कॅम्पिसींच्याच गटाने दाखवलं की जखम भरताना या पेशी थोड्या वेळासाठी येतात आणि त्यांचे स्राव जखम भरायला मदत करतात. त्या काढलेल्या उंदरांची जखम उशिरा भरली. केळीच्या बागेत घड कापला की जुनं खोड जाणता शेतकरी लगेच भुईसपाट करत नाही, कारण त्यातला रस शेजारच्या पिलाला, म्हणजे बुंध्यातून फुटलेल्या नव्या कोंबाला, मिळतो. पीलबाग त्यावर उभी राहते. पुढे खोड सडायला लागलं की मात्र काढावंच लागतं. कोणतं खोड कधी काढायचं, हे शरीराच्या बाबतीत अजून कुणाला नीट सांगता येत नाही, आणि कॅप्सूलवाल्याला तर मुळीच नाही. तोवर ज्याने साचणं कमी होतं ते स्वस्त आहे. बारा आठवडे नियमाने व्यायाम केलेल्या ज्येष्ठांच्या रक्तात या पेशींच्या खुणा घटलेल्या दिसल्या. तंबाखू, साखर आणि धूर कमी करायलाही प्रिस्क्रिप्शन लागत नाही.

यावर माझ्या ओळखीच्या एका महसूल खात्यातल्या माणसाने मला रोखठोक सुनावलं. "सर, वय हा आकडा आहे म्हणून योजना चालते. पेशी मोजत बसलो तर तहसीलमध्ये दाखल्यांचा बाजार भरेल. ज्याची ओळख त्याची पेशी म्हातारी." त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. अपंगत्वाच्या दाखल्यांचं काय होतं ते आपण पाहतो. शिवाय जीर्ण पेशी किती आहेत हे सांगणारी खात्रीची रक्ततपासणी आज उपलब्धच नाही. म्हणून वयाची अट काढून टाका, असं मी म्हणत नाही. आकडा राहू द्या, पण तो एकमेव दरवाजा नको. ज्याचं शरीर आधीच थकलं आहे त्याला आत येण्यासाठी दुसरा दरवाजा हवा, आणि त्याला लागणारी मोजमापं साधी आहेत. हाताची पकड, चालण्याचा वेग, आणि हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठून बसणं. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषाप्रमाणे या पाच उठबशांना १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायू क्षीण होत असल्याची शंका घ्यावी. देशभरातल्या ज्येष्ठांच्या मोठ्या सरकारी पाहणीत २०१७-१८ मध्ये पकड आणि चाल मोजलेलीही आहे. म्हणजे हे परदेशी खूळ नाही.

त्याहून सोपी गोष्ट म्हणजे निम्मं काम कागदावर झालेलं आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात, बोलीत सीबॅक म्हणतात. त्यात तंबाखू आहे, कमरेचा घेर आहे, व्यायाम आहे. स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता हेही त्यात विचारलेलं आहे, आणि कामाच्या जागी धुराशी संबंध येतो का, हेसुद्धा. ज्याने हा फॉर्म आखला त्याला म्हातारपण कुठून येतं हे नीट माहीत होतं. मी पाहिलेल्या गावांत मात्र हा फॉर्म भरला जातो, मोबाइलवर चढतो, आणि इंधनाच्या रकान्यात पऱ्हाट्या लिहिलेल्या बाईकडे परत कुणी काही घेऊन येत नाही. त्याच फॉर्ममध्ये चाळिशीपुढच्यांसाठी खुर्चीच्या उठबशीचा एक रकाना वाढवावा. ज्याला वेळ जास्त लागतो आणि ज्याच्या रकान्यांत धूर, तंबाखू, साखर यांपैकी दोन गोष्टी आहेत, त्याला ६५ ची वाट न पाहता गुडघ्याचा पट्टा, साखरेची नियमित तपासणी आणि सिलिंडर भरायला मदत मिळावी. रोजगार हमीच्या आणि शेतीच्या कामाची वेळ एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर आणि संध्याकाळी ठेवावी, कामाजवळ सावली आणि पाणी असावं. एका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या खर्चात किती सिलिंडर भरून होतील, हा हिशेब एखाद्या जिल्हा परिषद सदस्याने बसून करावा, मी वही देतो.

आमच्या गावच्या आशाताईपुढे हे सगळं मी उत्साहाने मांडलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिच्याकडे आधीच इतके फॉर्म आहेत की माझ्या उत्साहाचं तिला कौतुक वाटावं असं काही कारण नव्हतं. मग म्हणाली, "सर, ते ठीक आहे. पण खुर्ची कुठून आणू? सगळ्यांकडे असते का?"

मी म्हटलं, खाट चालेल.

"खाट कुणाची उंच, कुणाची पार जमिनीला टेकलेली. मग तुमचे बारा सेकंद कसे जुळायचे?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ती रजिस्टर पिशवीत कोंबत उठली आणि दारातून वळून म्हणाली, "अंगणवाडीत प्लास्टिकची एक आहे. स्कूटीला मागे बांधून नेता येईल. पण एका पायाने डुगडुगते, तेवढं बघा."